पेढे

पुरंदरचा तह शिकवणे मला आजवर नीट जमलेले नाही.

तसा मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि वर चित्रकलेची पदविका. दोनचार कादंबऱ्या नावावर आहेत, पण त्यांची गणना शिक्षणात होत नाही. खेड्यातल्या शाळेत चित्रकलेच्या मास्तराकडे एक अलिखित विषय असतो : गैरहजर मास्तरांचा तास. त्या वाटेने इतिहास माझ्याकडे वरचेवर येतो. सन १६६५, मिर्झाराजे जयसिंग, २३ किल्ले दिले, १२ राहिले, एवढे फळ्यावर लिहून मी हातावरचा खडू झटकतो न झटकतो तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, म्हणजे महाराज हरले?"

"हरले नाहीत रे. तडजोड केली."

"म्हणजे जिंकले?"

"जिंकलेही नाहीत."

"मग?"

या 'मग'शी मी पुष्कळ वर्षे अडून बसलो होतो. बहुतेक वेळा घंटा माझ्या मदतीला येई. ज्या दिवशी ती आली नाही त्या दिवशी मी आग्र्याहून सुटकेवर उडी मारून वेळ निभावून नेली. खरे सांगायचे तर त्या 'मग'ची मला भीतीच वाटत असे, आणि तिचे कारण इतिहासाच्या पुस्तकात नव्हते. ते माझ्याच गावात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. पण ते मागाहून सांगतो.

२०२२ च्या मे महिन्यात मी अमेरिकेला गेलो. गेलो म्हणजे पोचवायला गेलो. थोरल्या बहिणीची मुलगी पेनसिल्व्हेनियात असते. तिचे दुसरे बाळंतपण होते, अक्काला एवढ्या लांब विमानात एकटीला बसवायचा कोणाला धीर होईना, आणि उन्हाळ्याची सुटी असलेला घरातला रिकामा पुरुष मी एकटा. तिकीट जावयांनी काढले. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून मी सातासमुद्रापार गेलो आणि जाता जाता पंचेचाळिसाव्या वर्षी आजोबा झालो. कारण भाचीची सात वर्षांची मुलगी मला 'मामाआजोबा' म्हणू लागली.

गाव लहानसे. भाचीच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, एक म्हातारा एकटाच राहत असे. उभा जन्म लेथवर गेलेला, हात पोलादासारखे. हिवाळ्यात भाचीच्या दारातले बर्फ हाच उपसून टाकी, आणि होळीला पुरणपोळी पहिल्यांदा त्याच्या घरी जाई. अशा माणसाच्या घरात भिंतीवर तीन रायफली पाहून मी दचकलो. आमच्या गावात परवान्याची बंदूक एकच, तीही ठासणीची, रानडुकरांसाठी ठेवलेली. निवडणूक आली की ती मालकाआधी पोलीस ठाण्यात हजर होते. इथे मात्र म्हातारा एकेक रायफल खाली काढून तिच्या अक्रोडी लाकडावरून असा हात फिरवीत होता, जसा आमच्याकडे कोणी बैलाच्या पाठीवरून फिरवावा. एक त्याच्या वडिलांची. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायचा त्या सोमवारी त्यांच्या भागातल्या शाळा बंद असत, म्हणाला. मला एकदम बेंदराची सुटी आठवली आणि माणूस जवळचा वाटू लागला.

मग २४ मे उजाडला. टेक्सासमधल्या युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत अठरा वर्षांच्या एका पोराने १९ मुले आणि २ शिक्षिका गोळ्या घालून मारल्या. मुले चौथीतली होती. चौथी म्हणजे आपल्याकडे शिवछत्रपतींचे वर्ष! बातमी लागली तेव्हा भाचीने आधी दूरदर्शन बंद केले आणि मग पोट धरून खुर्चीत बसली. समोरच्या म्हाताऱ्याने अंगणातला झेंडा अर्ध्यावर उतरवला. दोन्ही घरांत त्या रात्री उशिरापर्यंत दिवे होते.

दुसऱ्या दिवशी मुलीचे मन रमावे म्हणून मी तिच्यापुढे कागद आणि खडू ठेवले. चित्रकलेच्या मास्तराला दुसरे काय सुचणार? म्हटले, "तुझा वर्ग काढून दाखव." मुले वर्ग काढतात तेव्हा काय काढतात हे मला वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे : मोठा फळा, त्याहून मोठ्या बाई, खिडकीत सूर्य. हिने आधी सगळी खोली काळ्या खडूने भरून काढली. मग एका कोपऱ्यात, कपाटाआड, ठिपक्यांएवढी मुले काढली, एकमेकांना चिकटून.

"रात्र आहे का ग?"

"नाही. दिवे बंद केलेत. इथे बोलायचं नसतं, मामाआजोबा. खोकला आला तर तोंडावर हात ठेवायचा."

कवायत होती ती. बंदूकवाला आला तर काय करायचे, याची. दाराच्या काचेलासुद्धा तिने आठवणीने काळा कागद लावला होता.

"आणि बाई कुठे आहेत?"

तिने बोटाने दाखवले. दाराला लागून एक उभी काडी होती. मला ती आधी कडी वाटली होती.

मी आयुष्यात हजारो चित्रांना गुण दिले आहेत. त्या चित्राला मला दहापैकी काही देता आले नाही. मी ते घडी न घालता वहीत ठेवले.

या बाबतीत माझा कल कुठे आहे हे वाचकांनी ओळखलेच असेल. मी मास्तर आहे. दाराजवळची ती काडी मी आहे. पण ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती निराळी. त्या पंधरा दिवसांत मी समोरासमोरच्या दोन घरांत चहा प्यालो, आणि दोन्ही घरांत मला राग दिसला. तो रस्त्यापलीकडच्या माणसावर नव्हता. तो आपल्याच पुढाऱ्यांवर होता.

म्हातारा सांगू लागला की भाची मला मराठीत समजावून देई, आणि अधूनमधून आपले दातओठही खाऊन घेई. त्यांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन. १८७१ सालची, यादवी युद्धातून परतलेल्या अधिकाऱ्यांनी शिपायांची नेमबाजी सुधारावी म्हणून काढलेली. १९३४ साली मशीनगनांवर जबर कर बसवणारा कायदा झाला. संघटनेने सरकारशी बसून बोलणी केली. पिस्तुले त्यातून सुटली, मशीनगना अडकल्या. १९६८ साली, किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांच्या वर्षी, आणखी कायदा आला. तेव्हाच्या पुढाऱ्यांनी कुरकुर केली पण 'याच्याबरोबर जगता येईल' असा सूर लावला. खालच्या माणसांत धुसफूस सुरू झाली ती तेव्हा. पुढे काही जण वेगळे निघाले आणि त्यांनी 'गन ओनर्स ऑफ अमेरिका' काढली. तडजोड न करणारी संघटना, हीच तिची जाहिरात. आणि १९७७ च्या मे महिन्यात सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत साध्या सभासदांनी, डोक्याला केशरी टोप्या घालून, पहाटेपर्यंत सभा लढवली आणि मुख्यालय राजधानीच्या परिसरातून हलवून कोलोरॅडोत नेऊ पाहणाऱ्या जुन्या कारभाऱ्यांना पायउतार केले. हार्लन कार्टर आणि नील नॉक्स हे त्या बंडाचे म्होरके.

"मग झाले ना तुमच्या मनासारखे?" मी विचारले.

म्हातारा हसला. १९८२ साली कार्टरच्या कारकिर्दीतच नॉक्सला दूर करण्यात आले. तो फार ताणतो म्हणून! बंडखोर गादीवर बसला की त्यालाही सभ्य बोलणी आवडू लागतात, हे काही तिथलेच वैशिष्ट्य नव्हे.

पण म्हाताऱ्याचे खरे शल्य १९८६ चे होते. त्या साली १९६८ च्या कायद्यातले पुष्कळ जाच दूर झाले. संघटनेला हवा असलेला कायदा आला. मात्र शेवटच्या घटकेला त्यात एक कलम घुसले : १९ मे १९८६ नंतरची नवी मशीनगन सामान्य माणसाला कायमची बंद. पुढाऱ्यांनी हिशेब केला, एवढे मिळते आहे तर एवढे जाऊ द्या.

"मला मशीनगन नको होती," म्हातारा म्हणाला. "आजही नको. पण गावातल्या आमच्या क्लबाच्या चिटणिसानं त्या संध्याकाळी बिअरची पेटी फोडली. जिंकलो म्हणाला. मी बाटली हातात घेऊन उभा राहिलो, आणि मला कळेना, आपण काय दिलं हे कोणी मोठ्यानं वाचून का दाखवत नाही?"

मी त्याला आमच्याकडच्या बांध कोरणाऱ्या भाऊबंदाची गोष्ट सांगितली. दर पावसाळ्याला नांगराचे एकच तास पुढे सरकवतो. एका तासासाठी कोर्टात कोण जाणार? वीस वर्षांनी पाहावे तर शेवग्याचे झाड त्याच्या शेतात. म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "हेच!" भाचीने मात्र हे वाक्य भाषांतरित केल्याबद्दल माझ्याकडे रागाने पाहिले.

मग त्याने हुकमाचे पान काढले. "तुमचे गांधीसुद्धा आमच्या बाजूचे." मी गप्प. कारण त्यात तथ्य होते. एका अख्ख्या राष्ट्राची शस्त्रे काढून घेणे हे इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, अशा अर्थाचे गांधीजींनी लिहिले होते आणि आत्मकथेत ते नोंदवलेही आहे. पण ते पत्रक १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढले होते, आणि ज्या १८७८ च्या कायद्यावर राग होता तो हत्यारे काढून घेताना गोऱ्यांना वगळत होता. बंदुकीइतकाच किंवा तिच्याहूनही अधिक तो अपमानाचा प्रश्न होता. हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. म्हाताऱ्याला पटले नसावे. पण बोलता बोलता माझ्याच मनात दुसरे दार उघडले. त्या कायद्यात बदल करा म्हणून काँग्रेसने १८८७ सालीच मद्रासच्या अधिवेशनात ठराव केला होता. पुढे ठराव झाले, अर्ज झाले, विनंत्या झाल्या, कायदा हलला नाही. त्या अर्ज-विनंत्यांना विटलेली माणसे शेवटी १९०७ साली सुरतेला जमली आणि तिथे मांडवात खुर्च्या आणि एक दख्खनी जोडा उडाला. तो फेकला कोणी यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो इतकी वर्षे कोणाच्या पायात चावत होता हे पाहावे! जहाल आणि मवाळ हे शब्द आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण ते प्रत्येक शाळेत, प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक संघटनेत जिवंत आहेत.

आता भाचीच्या घराकडे वळतो. ती आयांच्या एका संघटनेत होती. आठवा महिना लागला तरी सभांना जाई, फोन करी, पत्रके वाटी. तिच्या बाजूची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती बहुतेक रिकाम्या हातांचीच आहे. १९९४ साली काही लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी आली, तीही दहा वर्षांची मुदत घालून. २००४ साली ती संपली. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे गेली. पुढच्या एप्रिलात मँचिन आणि टूमी या दोन सिनेटरांनी गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी वाढवणारी एक मवाळ दुरुस्ती आणली. ५४ मते पडली, हवी होती ६०. त्यातला टूमी पेनसिल्व्हेनियाचाच. म्हाताऱ्याच्या लेखी तो घरभेदी, आणि भाचीच्या लेखी अर्धवट.

दहा जूनच्या सुमारास, शाळा उघडायच्या आत, मी परतलो. पंचवीस जूनला कायदा झाला. टूमीने याही वेळी बाजूने मत दिले. एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची अधिक कसून तपासणी, धोकादायक माणसाकडून न्यायालयाच्या हुकमाने हत्यार काढून घेणाऱ्या राज्यांना पैसा, मनोरुग्णांच्या सेवेला पैसा. जवळजवळ तीस वर्षांत असा कायदा झाला नव्हता हे खरे. पण अठराव्या वर्षी तशी रायफल विकत घेता येत होती ती येतच राहिली. युवाल्डीच्या पोराने आपल्या अठराव्या वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांत ती कायदेशीरपणे विकत घेतली होती.

भाचीचा फोन आला. मागे तान्हे रडत होते.

"मामा, आमच्या बायांनी पत्र पाठवलंय. ऐतिहासिक विजय म्हणून. फुगे लावलेत चित्रात."

"अग, काहीच नव्हतं, त्यापेक्षा..."

"मला कळतं ते. साठ मतं कशी जमवतात ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. मिळालं ते घ्यायलाच हवं होतं. पण फुगे कशाला? त्या एकोणीस मुलांच्या आयांना काय वाटेल फुगे बघून?"

फोन ठेवला, आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आता ती दोन गल्ल्या पलीकडची गोष्ट सांगणे प्राप्त आहे.

आमची शाळा विनाअनुदानित. मी आणि माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षे हजेरीपटावर सह्या केल्या आणि पगाराच्या रकान्यात काहीच पाहिले नाही. मी कादंबऱ्या लिहून पोट भरीत होतो असे म्हटले तर प्रकाशकही हसतील. बायकोच्या शिलाई-मशीनवर घर चालले होते. आमचे गणिताचे मास्तर पहाटे चार म्हशींचे दूध काढून शाळेत येत. नऊ वर्षे त्यांनी बिनपगारी गणित शिकवले, आणि ते शिकवणे असे की नापास होणारा पोरगा त्यांच्या तासाला लाजून पास होई. २०१६ साली धरणे धरले तेव्हा पावसात छत्री न घेता बसलेला माणूस तो एकटा.

शिष्टमंडळात मी होतो. अक्षर चांगले म्हणून निवेदने मी लिहायचो, त्यामुळे आत जाणाऱ्यांत माझे नाव. आत पंखा होता, चहा होता, आणि एक साहेब 'सर, सर' म्हणून बोलत होते. बाहेर नऊ वर्षे 'अहो मास्तर' ऐकलेल्या कानांना त्या 'सर'ची गुंगी येते, हे मी नाकारीत नाही. वीस टक्के मिळणार होते; पण ज्या तुकड्या कागदपत्रांत बसतील त्यांनाच. आमच्या शाळेच्या तीन तुकड्या बसल्या, दोन बसल्या नाहीत. माझी बसली. गणिताच्या मास्तरांची बसली नाही.

मी सही केली. आणि येताना स्टँडवरून दोन किलो पेढे आणले.

पुढे टप्पा वाढत गेला, माझ्या रकान्यात आकडे आले. मास्तरांनी वर्षभरात शाळा सोडली आणि मालवाहू टेंपो घेतला. सहा वर्षांत ते माझ्याशी बोलले नाहीत. मी मनाशी सबब तयार ठेवली होती : काहीच न मिळण्यापेक्षा बरे, तोडले असते तर तिघांचेही बुडाले असते. सबब खोटी नव्हती. आजही मला वाटते की सही करायला हवी होती. म्हणूनच मला त्यांचा राग कधी समजला नाही. मी तो आडमुठेपणात जमा करून टाकला होता.

त्या फोननंतरच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. टेंपो धुणे चालले होते. बसायला सांगितले नाही, जा असेही म्हणाले नाहीत. मी पायरीवर बसलो आणि म्हाताऱ्याची बिअरची पेटी सांगितली, भाचीचे फुगे सांगितले. ते चाकावर पाणी मारीत राहिले. बऱ्याच वेळाने नळ बंद केला.

"सर, वीस टक्क्यांचा राग नव्हता मला. गणिताचा माणूस आहे मी. शून्यापेक्षा वीस मोठे, एवढं कळतं."

"मग?"

हा 'मग' या वेळी माझ्याच तोंडून आला.

"तुम्ही फाटकात उभे राहून यादी वाचलीत. तीन तुकड्या वाचल्यात. राहिलेल्या दोन वाचल्याच नाहीत. आणि पेढा मात्र माझ्याही हातावर ठेवलात. तो मी खिशात घालून घरी नेला. पोरगी नाचायला लागली, बाबांचा पगार सुरू झाला म्हणून. तिला मीच सांगायचं होतं होय?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हते. त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला. तो आम्ही दोघांनी प्यायलो. समेट झाला असे मी म्हणणार नाही. आता वाटेत दिसले तर टेंपोचा हॉर्न वाजवतात, इतकेच.

तडजोड न करणाऱ्यांचे मला कौतुक वाटते, पण त्यांच्या धंद्याची भीतीही वाटते. अमेरिकेत या बिनतडजोडवाल्यांतल्या काहींवर तिथल्या सार्वजनिक रेडिओने २०२० साली एक मालिका केली आणि पुढल्या वर्षी तिला पुलित्झर मिळाले. लोकांचा संताप पेटता ठेवायचा आणि त्यावर वर्गणीची भाकरी भाजायची, हाही एक व्यवसाय होऊ शकतो. त्यांच्या पत्रांतून शत्रू दुसऱ्या बाजूचा नसतोच. तो आपल्यातलाच, जरा कमी तापलेला माणूस असतो. पण अशा दुकानांना गिऱ्हाईक कोण पुरवतो? माझ्यासारखे पेढे वाटणारे पुरवतात. वीस मिळाले असताना शंभर मिळाल्याचे तोंड जो करतो, तो उरलेल्या ऐंशींना दुसऱ्याच्या दारात पाठवतो.

या वर्षीही इतिहासाचा तास माझ्याकडे आला. २३ आणि १२ लिहून झाले, आणि मागच्या बाकावरून आवाज आला. मी घंटेची वाट पाहिली नाही. म्हटले, "पोरांनो, पुरंदरच्या तहाचा दिवस कोणी साजरा करतो का?" कोणी करीत नाही. "मग आपण एक करू. काय दिले त्याची यादी लिहू." २३ किल्ल्यांची नावे मी आदल्या रात्री कागदावर उतरून आणली होती. पहिले नाव पुरंदर, दुसरे कोंढाणा. सगळी फळ्यावर मावेनात म्हणून मी अक्षर लहान करीत गेलो, पण एकही गाळले नाही.

मुले मान खाली घालून लिहून घेत होती. वर्गाच्या दाराशी उभा राहून मी ती पाहत राहिलो.